गावकुसाबाहेरचा रुग्ण : भोर समितीपासून विमापत्रापर्यंत

१

भारताच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेविषयी लिहिणारा प्रत्येक अभ्यासक भोर समितीच्या अहवालापासून सुरुवात करतो. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील ही समिती १९४३ साली नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल चार खंडांत प्रसिद्ध झाला. पैसे नाहीत म्हणून कोणाही व्यक्तीला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्याचे मूलतत्त्व. ते तत्त्व थोर आहे यात शंका नाही. दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय, त्यावर तालुक्याची व जिल्ह्याची रुग्णालये, असे भव्य दीर्घकालीन चित्र या समितीने रेखाटले. हे चित्र कधीच प्रत्यक्षात आले नाही म्हणून आपले आरोग्यतज्ज्ञ गेली पाऊणशे वर्षे हळहळत आहेत.

या हळहळीत मला सहभागी होता येत नाही. अहवाल अमलात आला नाही ही तक्रार खरी आहे. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी तक्रार अशी, की तो पूर्ण अमलात आला असता तरी गावकुसाबाहेरच्या रुग्णापर्यंत तो पोहोचला असता काय? या प्रश्नाचे उत्तर आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागेल.

भोर समितीचे मोजमाप लोकसंख्येचे आहे. इतक्या हजारांमागे एक केंद्र, इतक्यांमागे एक परिचारिका. पुढील सगळ्या समित्यांनी हेच माप उचलले. आजही सपाटीवर ३० हजारांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्र अनुक्रमे पाच हजारांमागे आणि तीन हजारांमागे. हिशेब चोख आहे. परंतु हिंदुस्थानातील गाव ही डोकी मोजून कळणारी वस्तू नव्हे. गाव म्हणजे गाव आणि म्हारवडा, गाव आणि मांगवाडा. केंद्र कोणत्या आळीत उभे राहते, नर्सबाई कोणाच्या घरी भाड्याने राहते, तिच्या घागरीचे पाणी कोण भरते, यावर केंद्र कोणाचे हे ठरते. भोर समितीने प्रत्येक गावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती सुचवली होती. १९४६ सालच्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात ते पाच-सात जण कोण असते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांचा जो कठोर समाचार घेतला, तो आरोग्याच्या योजनाकारांनी वाचलाच नाही. वाचला असला तरी तो आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटले नाही.

२

यावर आपले काही डावे मित्र म्हणतील, की प्रश्न गरिबीचा आहे, त्याला जातीचा रंग कशाला? हा आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य नाही. त्याचा हिशेब केला पाहिजे.

घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली ग्रामीण अस्पृश्यतेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे एक तृतीयांश गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्यास नकार देतात, असे त्यांना आढळले. २०१० साली संघमित्रा आचार्य यांनी गुजरात व राजस्थानमधील गावांत दलित मुलांचा अभ्यास केला. त्यात भेदभावाचा सर्वांत ठळक प्रकार होता तो स्पर्शाचा. मुलाला हात न लावता तपासणे आणि औषध हाताला हात न लागेल असे देणे. आता विचार करा. ज्या शास्त्राची पहिली पायरीच स्पर्श आहे, नाडी पाहणे, पोट चाचपणे, छातीला नळी लावणे, ते शास्त्र स्पर्श टाळून चालवले तर मागे उरते काय? हा रुग्ण केवळ अपमानित होत नाही, तो न तपासलेलाच राहतो. अस्पृश्यता येथे चुकीच्या निदानाचे कारण बनते.

२०२२ साली नऊ राज्यांतील आयुर्मानाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुष्य चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी भरते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आर्थिक स्थितीतला फरक बाजूला काढला तरी या अंतराचा मोठा भाग तसाच राहतो. गरिबी खरी आहे. पण गरिबी सगळे सांगत नाही. जात माणसाच्या आयुष्यातली वर्षे कापून घेते, हे आता अलंकारिक विधान राहिलेले नाही.

आणि कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याच्या पाचव्या कलमात दवाखाना व रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवलेला आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात जी दुरुस्ती २०१६ पासून लागू झाली, तिच्यातही रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गुन्हा माहीत आहे आणि कलमही आहे. पण आपल्या केंद्राचे कर्मचारी कोणत्या वस्तीत जात नाहीत, याची नोंद ठेवणारी वही कोणत्या आरोग्य केंद्रात आहे? गोळ्यांचा साठा मोजतात, लसीच्या कुप्या मोजतात. नकार कोणी मोजत नाही.

३

रुग्णालयाच्या आत पाहिले तर तेथेही गावच भरलेले दिसते.

१८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताचे विच्छेदन केले. उच्चवर्णीय हिंदूने प्रेताला हात लावला ही त्या काळी क्रांतिकारक घटना मानली गेली आणि आजही वैद्यकाच्या इतिहासात ती अभिमानाने सांगितली जाते. त्या घटनेचे मोल मी कमी लेखत नाही. पण माझे एक चुलते एका सरकारी रुग्णालयाच्या शवागारात सफाई कामगार म्हणून आयुष्यभर राबले. कवटी फोडणे, छाती उघडणे, पुन्हा शिवून नातेवाइकांच्या हवाली करणे, हे सारे तेच करत. डॉक्टर दोन पावले मागे उभे राहून पाहत आणि कागदावर लिहीत. सही डॉक्टरांची असे. चुलत्यांची नेमणूक ‘सफाई’ म्हणून होती, पगार सफाईचा होता आणि पेन्शनही सफाईचीच. शरीररचनेचे जे ज्ञान त्यांच्या हातांत होते, त्याला नाव नव्हते. त्यांच्या वस्तीतील लोकही त्यांच्याकडे थोडे दुरूनच पाहत. गुप्तांचा स्पर्श इतिहास झाला आणि चुलत्यांचा स्पर्श नुसता विटाळ राहिला.

रुग्णालयातील कामांची उतरंड पाहा. निदान, शस्त्रक्रिया, शुश्रूषा, मलमूत्र, प्रेत. जसजसे शरीराच्या घाणीजवळ जावे, तसतशी जात बदलत जाते आणि पगारही घटत जातो. आता तर हा खालचा थर कंत्राटदाराच्या हवाली केलेला आहे. जी सफाई कामगार स्त्री अतिदक्षता विभागातील रक्त पुसते, तिला सुईचा घाव लागला तर तिची जबाबदारी रुग्णालय कंत्राटदारावर ढकलते आणि कंत्राटदार तिच्या नशिबावर.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा आणि अपुरे मनुष्यबळ यांची चर्चा सर्वत्र झाली. महाराष्ट्राने औषधखरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिनच्या महामंडळाकडे दिले होते. खरेदी रखडते अशी ओरड वर्षानुवर्षे चालू होती. ज्याला जाब विचारायचा ती ही व्यवस्था होती. पण रुग्णालयात आलेल्या खासदारांनी काय केले? अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता अनुसूचित जमातीचे होते. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, त्याचा निर्णय न्यायालय करील. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. औषध पुरवले नाही याची शिक्षा म्हणून झाडूच कसा सुचतो? झाडू हातात देणे म्हणजे माणसाला त्याची जागा दाखवणे, हे आपल्या राजकारणाला कोणी शिकवावे लागत नाही. आणि ज्या कामगारांच्या हाती रोजच झाडू असतो, त्यांना ही व्यवस्था रोज कोणती शिक्षा देत असते?

वैद्यकीय शिक्षणाचे चित्र याहून निराळे नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या छळाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहातील वेगळी वस्ती, तोंडी परीक्षेतील वागणूक, खेळाच्या मैदानावरचा बहिष्कार हे सर्व त्यात आहे. त्यानंतर बारा वर्षांनी, मे २०१९ मध्ये, मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा आरोप ठेवला गेला. आरक्षणाने गुणवत्ता घसरते आणि रुग्ण मरतात, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. पैसे मोजून घेतलेल्या खाजगी महाविद्यालयांतील जागांनी रुग्ण मरतात, असे ऐकवणारा मात्र मला अजून भेटलेला नाही.

४

बाबासाहेब आरोग्याला समाजरचनेपासून वेगळे मानत नव्हते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला गेला, तो पी. जे. रोहम यांनी मांडला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात अडारकरांचा औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते महाड. २० मार्च १९२७ रोजी आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो, ते समतेसाठी. ते पाणी प्राशन करणे सार्वजनिक आरोग्याचेही कृत्य होते. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती त्या तळ्यावर माणसाला बंदी होती. आणि माणूस प्याला म्हणून शेणमूत्राच्या १०८ घागरी ओतून ते पाणी ‘शुद्ध’ केले गेले. शुद्धी आणि स्वच्छता या दोन गोष्टी किती परस्परविरोधी असू शकतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता? आपली आरोग्ययंत्रणा आजही स्वच्छतेच्या नावाखाली पुष्कळदा शुद्धीच पाळते.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. समीक्षकांनी त्याची भाषा वाखाणली, स्त्रीजाणीव वाखाणली. मी ते आरोग्याचा दस्तऐवज म्हणून वाचतो. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, सुईणीचे अडाणी हात, मेलेली पोरे, देवाच्या नावाने सोसलेले आजार. त्यात वर्णिलेले बाळंतपण भोर समितीच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. कारण बाळंतिणीला खाटेच्या आधी भाकरी हवी होती.

५

आज भाकरी आणि खाट यांचा प्रश्न कसा उभा आहे, हे बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडावर ना मोरी, ना न्हाणी, ना पाणी. पाळीच्या दिवसांतही बाई मोळ्या उचलते. पांढरे जाते, पोट दुखते, ती खाजगी दवाखान्यात जाते. तेथे कॅन्सरची भीती घालतात आणि ‘पिशवी’ काढतात. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे २०१९ साली आकडे आले : पाहणीतील ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. दलित, भटके, वंजारी अशा भूमिहीन वा कोरडवाहू घरांतल्या या बाया आहेत.

माझ्या वर्गात या बायांची मुले शिकतात. दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो. त्यांच्या आया पस्तिशीत म्हाताऱ्या दिसतात, हाडे दुखतात म्हणतात. त्यांना कोणी फसवले असे त्या म्हणत नाहीत. ‘खाडा बंद झाला’ असे म्हणतात. हे वाक्य नीट ऐकले पाहिजे. बाईने आपला अवयव दिला तो रोगापायी कमी आणि दंडापायी जास्त. मुकादमाची वही आणि सर्जनची सुरी एकाच दिशेने काम करत होती. शासनाने उपाय केला तो असा, की अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल. ठीक आहे. पण खाड्याचा दंड तसाच राहिला, फडावर न्हाणी उभी राहिली नाही, तर परवानगीच्या कागदाने काय होणार?

हा प्रकार बीडपुरता नाही. २००८ पासून चाललेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार, छत्तीसगड, राजस्थानमध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना मार्गदर्शक सूचना पाळण्यास सांगितले. तेथे विमा पैसे देत होता. म्हणजे पूर्वी पैसे नव्हते म्हणून उपचार मिळत नव्हते. आता पैसे मिळतात म्हणून नको तो उपचार होतो. दोन्हीकडे शरीर आमचेच.

आपल्या राज्यातील विमा योजनेला २०१७ पासून महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव आहे. २०१८ पासून केंद्राची पाच लाखांची योजना आहे. या योजनांनी काही जीव वाचवले हे मी नाकारत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया फुकट झालेली माणसे माझ्या ओळखीची आहेत. पण या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. रक्तदाबाची रोजची गोळी, मुलाचा ताप, विंचूदंश, तपासण्या, यांचा खर्च त्यांत येत नाही. आणि गरिबाचा खिसा झिजतो तो याच खर्चांनी. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा करता करता प्राण ठेवला. त्या स्वतः वस्तीत गेल्या होत्या. त्यांच्या पतीचे नाव दिलेली योजना वस्तीत जात नाही. ती रुग्णालयाच्या खिडकीपाशी कागद तपासत बसते.

६

मग करावे काय? नुसता नकार देऊन भागणार नाही. मला जे सुचते ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट पैशांची. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्यलेख्यात तो १.८४ टक्के आहे. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा एकूण खर्चाच्या ३९.४ टक्के. आठ वर्षांपूर्वी, म्हणजे २०१३-१४ मध्ये, तो ६४.२ टक्के होता. सुधारणा झाली आहे. तरीही ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची सुमारे ८० टक्के कमतरता आहे. पैसा विम्याच्या हप्त्यात न जाता या रिकाम्या जागांत गेला पाहिजे. औषधासाठी नवा शोध लावण्याची गरज नाही. तामिळनाडूचे औषध महामंडळ १९९४ पासून एकत्रित खरेदी आणि वाटप करून दाखवत आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. भोर समितीने एकच पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा असे म्हणून लायसन्शिएटचा अभ्यासक्रम बंद करण्याचा मार्ग मोकळा केला. त्या वेळी देशात सुमारे ४७ हजार ५०० डॉक्टर होते आणि त्यांतील ३० हजारांच्या आसपास लायसन्शिएट होते. उच्च दर्जाच्या नावाखाली खेड्यातल्या मुलाची शिडी काढून घेतली गेली. आता उलट टोकाने काही लोक तीन वर्षांचा ग्रामीण डॉक्टर मागतात. छत्तीसगडने २००१ साली तसा अभ्यासक्रम काढलाही. माझा त्याला विरोध आहे. शहराला पूर्ण डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, हे वर्णव्यवस्थेचेच नवे पान होईल. मात्र परिचारिकेला आणि आरोग्यसेविकेला शिकत शिकत डॉक्टर होता यावे, अशी शिडी बांधली पाहिजे. आणि वस्तीतल्या मुलामुलींना शासकीय खर्चाने शिकवून ठरावीक वर्षे तेथेच सेवा द्यायला लावली पाहिजे.

तिसरी गोष्ट श्रमाची. हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल सोखी यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीच्या उपसमितीने हजार लोकांमागे एक आरोग्यसेवक सुचवला होता. २००५ नंतर ‘आशा’च्या रूपाने तो आला, सुमारे दहा लाखांच्या संख्येने, पण पगाराविना, ‘स्वयंसेविका’ म्हणून. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव करायचा आणि कामगार म्हणायचे नाही, ही बलुत्याचीच रीत आहे. आशांना आणि रुग्णालयांतील सफाई कामगारांना कायम नोकरी, हीच आरोग्यसुधारणेची पायाभूत मागणी असली पाहिजे.

चौथी गोष्ट जागेची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्या अशिक्षित स्त्रियांना, त्यांत दलित स्त्रियांनाही, आरोग्यसेविका बनवले आणि हातपंप दलित वस्तीत बसवले. पाणी हवे तर गावाला वस्तीत यावे लागले. हे तत्त्व शासनाने स्वीकारावे. नवे उपकेंद्र वस्तीत बांधा. ग्राम आरोग्य समितीची बैठक वस्तीत घ्या. गावाला वस्तीत पाऊल ठेवावे लागले, की आरोग्यसेविकेलाही ठेवावे लागेल.

७

शेवटी आपल्या चळवळीविषयी. अत्याचार, आरक्षण, साहित्य या तिन्ही आघाड्यांवर आपण लढलो. आरोग्य मात्र आपण डॉक्टरांवर आणि संस्थांवर सोडून दिले. अत्याचारात एक माणूस मारला गेला तर मोर्चा निघतो, आणि निघालाच पाहिजे. पण वस्तीत दरवर्षी तापाने, बाळंतपणात, गटारात, क्षयाने जी माणसे वेळेआधी जातात, त्यांचा मोर्चा निघत नाही. कारण त्यांची यादीच आपल्याजवळ नाही.

महाविद्यालयांतील अभ्यासमंडळांनी आणि गावोगावच्या तरुण मंडळांनी या वर्षी एक वही घालावी, अशी माझी सूचना आहे. आपल्या वस्तीतील प्रत्येक मृत्यूची तारीख, वय, आजार, कोणत्या दवाखान्यात नेले, तेथे कोणी हात लावला, कोणी नाही लावला, किती पैसे लागले, कोणाकडून काढले. एवढेच लिहावे. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. लिहिता येणे पुरेसे आहे आणि ते आता आपल्याला येते. शंभर वस्त्यांच्या शंभर वह्या एकत्र झाल्या, की १९५५ चे कलम, १९८९ चा कायदा आणि घटनेतील सत्तेचाळिसावा अनुच्छेद घेऊन आपल्याला जिल्हा परिषदेच्या दारात आणि न्यायालयात उभे राहता येईल. आपल्या आरोग्याचा अहवाल आजवर इतरांनी लिहिला. पुढचा आपण लिहावा.